हुंकार कुणाचा?

"पण आबा, ऐकणारा माणूस शेवटपर्यंत हलणारच नाही, अशी गोष्ट सांगायची कशी?"

लवू आबांनी वाटीत बोट बुडवलं. ते पडवीत एका जुन्या चित्राच्या फाटक्या कडेला खळ लावत बसले होते.

ऋजुता हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारत होती. पहिल्यांदा विचारला तेव्हा आबांनी तिच्यापुढं गूळपाणी ठेवलं. दुसऱ्यांदा विचारला तेव्हा टेबलफॅन तिच्याकडे वळवला.

आता ते कागदावरून बोट फिरवत होते. सावकाश. जणू दुपार त्यांच्या मालकीची होती.

कुडाळच्या पुढं काजूच्या बागांतून आत शिरलं की ही वाडी लागते. लवू आबा इथले चित्रकथी. मांडीवर चित्र उभं धरायचं, त्यातल्या राजाराणीची गोष्ट गाऊन, बोलून सांगायची, मग पुढचं चित्र घ्यायचं. हे काम त्यांच्या घरात बापापासून मुलाकडे येत गेलं. चार जिल्ह्यांतले लोक म्हणत, लवूची गोष्ट ऐकायला बसलेला माणूस उठत नाही.

ऋजुता पुण्याची. म्हटलं तर तिचंही काम तेच. कारखान्यांतल्या कामगारांना सुरक्षेचे नियम मोबाइलवर शिकवायचे असतात, ते धडे ती तयार करायची. चित्रं, आवाज, गोष्ट आणि शेवटी दहा प्रश्न. रुक्ष नियमांतून ती अशी गंमत काढायची, की लोक म्हणत, हिच्या हाताला गोडी आहे. तिलाही ते पटलं होतं. स्वतःची स्तुती पटायला माणसाला फार वेळ लागत नाही.

"मी आधी तुम्हाला माझं काम दाखवते," ती म्हणाली आणि त्यांनी होय म्हणायच्या आतच लॅपटॉप उघडला.

आबांनी खळीची वाटी बाजूला सारली.

पडद्यावर सदू आला. गोल पोट, पिवळं हेल्मेट, मिशीला पीळ. सदूला टाकी साफ करायची होती. टाकीत विषारी वायू होता, पण तो दिसत नव्हता, म्हणून वायूला हिरवे डोळे काढले होते. सदूचा मित्र बेशुद्ध होऊन आत पडला. सदू त्याच्या मागं उतरायला निघाला, तेवढ्यात त्याच्या हेल्मेटमधून एक पोपट बाहेर आला आणि गाऊ लागला: 'उतरू नको रे सदू, आधी शिट्टी वाजव!' सदूनं शिट्टी वाजवली. नळ्या-मुखवटे घेऊन माणसं धावत आली. मित्र वाचला. टाळ्या.

आबांनी शेवटपर्यंत पाहिलं. पापणी न हलवता.

"चित्रां बरी आसत," ते म्हणाले.

"हो ना?"

"आवाज कोणाचो?"

"माझाच आहे. सगळ्या धड्यांना मीच आवाज देते."

"गोड आसा."

ऋजुता खूश झाली. मग ते पुढं काहीच बोलले नाहीत, तेव्हा ती जराशी कमी खूश झाली.

"मगे माझ्याकडे कित्याक इलंस?"

"सोमवारी नवा धडा द्यायचाय. याच विषयावर, याच कारखान्याला. जुन्यापेक्षा जास्त... धरून ठेवणारा हवाय. तिथं अजून अकरा टाक्या आहेत आबा. पुढच्या महिन्यात त्या साफ होणार. माणसं उतरणार आत."

"आणि जुन्याक काय झाला?"

"काही नाही. जुना झाला, इतकंच."

हे ती इतक्या पटकन म्हणाली, की तिचं तिलाच ते खोटं वाटलं.

खरं तर तीन आठवडे तिला एक ओळ सुचली नव्हती. माइकसमोर बसून 'नमस्कार मित्रांनो' म्हणायला जावं, तर घसा बसायचा. डॉक्टरनं घसा पाहिला आणि काही नाही म्हणून सांगितलं. पण हे आबांना कशाला सांगायचं? ती शिकायला आली होती, रडगाणं गायला नाही.

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या बाजूची घोंगडी थापटली.

"हयसर ये. माझ्या बाजूक बस."

ती उठून त्यांच्या शेजारी बसली. आबांनी फडक्यात बांधलेली चित्रांची चळत सोडली. वरचं चित्र उचललं आणि मांडीवर उभं धरलं, तोंड अंगणाकडे करून.

"काय दिसता?"

"इथून? चित्राची पाठ."

पाठीवर जुन्या खळीचे डाग होते, ठिगळं होती. चित्रातला राजा तिला दिसत नव्हता.

"आणि?"

"अंगण. काजूचं झाड. माझ्या चपला."

"थय माणसां बसतत," आबा म्हणाले. "चित्र त्यांका. माका त्यांची तोंडां. जल्मभर मी ह्याच बघत इलंय."

ऋजुतानं वही काढून लिहून घेतलं. चांगलं वाक्य होतं, सादरीकरणात चालून गेलं असतं.

"आणि पान कधी बदलायचं? किती सेकंदांनी?"

आबा पहिल्यांदाच हसले. समोरचे दोन दात नव्हते.

"हुंकार मिळालो की."

त्यांच्या घरची रीतच तशी होती. सांगणारा वाक्य टाकतो, ऐकणारा 'हूं' म्हणतो. त्या 'हूं'शिवाय चित्र बदलायचं नाही. आबांचा भाऊ अंकुश जन्मभर समोर बसून हुंकार द्यायचा. तो पहिला 'हूं' म्हणाला की हळूहळू सगळं अंगण म्हणायला लागायचं. अंकुश जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून आबांनी गोष्ट सांगितली नव्हती. चित्रं मात्र चिकटवत बसायचे.

"एकदा एका देवळात सगळी माणसां पेंगली," आबा म्हणाले. "माझो बापूस चित्र धरून तसोच बसलो. हात थरथराक लागलो. पण पान काय बदलूक नाय त्याणां."

"मग?"

"एक म्हातारी जागी झाली. ती हूं म्हणाली... मगे बापाशीन पान बदलल्यान."

"अहो, पण हे आमच्याकडेही आहे!" ऋजुता सरसावून बसली. इथं तिला आपलं घोडं पुढं दामटायची संधी दिसली. "हे बघा. हे 'पुढे' बटण. आवाज पूर्ण संपल्याशिवाय ते लागतच नाही. ऐकायचं आणि मगच दाबायचं. म्हणजे हुंकारच झाला की! बेचाळीसशे कामगारांनी हा धडा पुरा केलाय आबा. एक जण मध्ये सुटला नाही. माझ्या क्षेत्रात हे कुणाला जमलेलं नाही. मला बक्षीस मिळालंय याचं."

"बेचाळीसशे."

"हो."

"दाबणारो तुका दिसता?"

"नोंद होते ना. नाव, वेळ, किती गुण पडले..."

"ता नाय इचारलंय. दिसता?"

"...नाही. दिसत नाही."

"मगे कोण दाबता?"

ऋजुतानं लॅपटॉपवरचं बोट मागं घेतलं. उत्तर तयार होतं, कामगार दाबतात. पण ते तोंडातून बाहेर येईना.

अंगणात काजूचं एक पान पडलं. पंखा इकडून तिकडे, तिकडून इकडे मान हलवत होता.

आबांनी घाई केली नाही. ज्याचा बाप चित्र धरून बसून राहिला होता, त्याला कसली घाई?

"ईश्वरी," ती शेवटी म्हणाली.

"कोण ती?"

"नऊ वर्षांची आहे. चौथीत."

आणि मग तिनं लॅपटॉप मिटला. आता झाकून ठेवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

सोपान खरडे त्या कारखान्यात कंत्राटी कामगार होता. सदूचा धडा त्यानं पुरा केल्याची नोंद होती. दहापैकी दहा गुण. त्याच्या नावाचं प्रमाणपत्र ऋजुताच्याच संगणकातून निघालं होतं, कोपऱ्यात पोपट असलेलं. त्यानंतर बाराव्या दिवशी बाळू नावाचा त्याचा जोडीदार टाकीत उतरून बेशुद्ध पडला. त्याला काढायला सोपान उतरला. शिट्टी वाजवली नाही, माणसं बोलावली नाहीत, मुखवटा घातला नाही.

दोघंही गेले.

कारखान्याच्या अधिकाऱ्याबरोबर ऋजुताही त्या घरी गेली होती. धडा कुठं कमी पडला ते समजून घ्यायला, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. सोपानच्या बायकोशी ती दोन शब्द बोलली असेल नसेल, तर आतल्या खोलीतून मुलगी धावत आली.

"तुम्ही सदूच्या ताई ना?" मुलगी म्हणाली. "मी आवाज ओळखला!"

"तिला सगळं पाठ होतं आबा," ऋजुता म्हणाली. "सगळं. पोपटाचं गाणं म्हणून दाखवलं तिनं मला. चौथ्या प्रश्नाचं उत्तर क, सातव्याचं अ. बाबा दोन पाळ्या करून यायचे, जेवता जेवता झोपायचे. आणि साहेब तर रोज विचारायचा, धडा झाला का? म्हणून बाबांनी फोन तिच्याकडे दिला. तिला सदू आवडायचा. ती बघायची आणि... तीच दाबायची."

आबा खाली बघत होते.

"दहापैकी दहा," ऋजुता म्हणाली. "तिनं पुन्हा सांगितलं मला, दहापैकी दहा पडले म्हणून. आणि मग एकदम गप्प झाली. मला विचारलं, ताई, मी हे बाबांना सांगायला हवं होतं का?"

आता तिचा आवाज गोड राहिला नव्हता.

"तू काय सांगितलंस तिका?"

"काही नाही."

आबांनी मान वर केली.

"मी गाडीत जाऊन बसले आबा. पळून गेले मी. एवढ्याशा पोरीला उत्तर दिलं नाही. आणि आता परत तेच म्हणायचं, नमस्कार मित्रांनो! कारखान्याचे लोक म्हणतात, या वेळी आणखी गंमत घाला, लोकांचं मन जरा हलकं होऊ दे. मला लाज वाटते. मला माझ्या आवाजाची लाज वाटते."

तिनं डोळे पुसले. रुमाल गाडीतच राहिला होता, म्हणून ओढणीनं पुसले.

आबांनी हातातलं चित्र चळतीवर ठेवलं, फडकं बांधलं. मागं हात घालून कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा काढला. ठिगळं लावायला आणलेले साधे कागद होते ते. त्यांनी तो तिच्या मांडीवर ठेवला.

"धर."

"हे कोरे आहेत."

"आसांदेत."

मग ते उठले. गुडघ्यावर हात देऊन, खांबाला धरून, दोनदा थांबून. पायऱ्या उतरून अंगणात गेले. तिच्या चपलांशेजारी, सारवलेल्या जमिनीवर बसले. ऐकणारे जिथं बसतात तिथं.

सत्तरी ओलांडलेला तो माणूस मांडी घालून तिच्याकडे वर बघू लागला.

"सांग," आबा म्हणाले. "त्या माणसाची सांग."

"मला चित्रकथा येत नाही आबा."

"सांग गो बाय."

तिनं पहिला कागद मांडीवर उभा धरला. घसा खाकरला.

"नमस्कार मित्रांनो. आज आपण ऐकणार आहोत सोपान नावाच्या एका मेहनती..."

ती थांबली.

आबा आपल्या पायाचा अंगठा बघत होते. हुंकार आला नाही.

तिनं पुन्हा सुरुवात केली.

"सोपान खरडे. वय छत्तीस. कंत्राटी कामगार. एकोणीस तारखेला दुपारी अंदाजे तीन वाजता..."

आबांनी काजूच्या झाडाकडे बघितलं. झाडावर एक खार होती. त्यांना खार बरी वाटत असावी.

ऋजुताला राग आला, आबांचा, खारीचा आणि जास्त करून स्वतःचा. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला ती इतक्या लांब आली होती का? पण पालथा घडा कुठला, हे आता तिला नीट सांगता येईना. तिनं कागद खाली ठेवायला घेतला.

मग तिला ती मुलगी आठवली. पाठ केलेलं म्हणणारी नव्हे, त्याच्या आधीची. आतल्या खोलीतून धावत आलेली, जिच्या केसांत कुणी तरी घाईनं रिबीन बांधली होती ती.

"ईश्वरीचे बाबा..." ती म्हणाली. "बाबा घरी आले की आधी पाय धुवायचे. आणि ओले हात हिच्या डोक्याला पुसायचे. ही रोज ओरडायची. आणि रोज डोकं पुढं करायची."

"हूं," आबा म्हणाले.

ऋजुता दचकली. मग तिनं तो कागद मागं ठेवला आणि दुसरा धरला.

"त्या दिवशी सकाळी ही शाळेत निघाली तेव्हा बाबा झोपले होते. हिला नवीन गाणं म्हणून दाखवायचं होतं. आई म्हणाली, झोपू दे."

"हूं."

"दुपारी टाकीवर दोघंच होते. बाळू आणि सोपान. बाळू लहान, पंचविशीचा. त्याचं लग्न ठरलं होतं. तो म्हणाला, मी उतरतो, तुम्ही दोरी धरा."

"हूं."

"दोरी ओढली गेली. मग सैल पडली."

"...हूं."

कागदामागून कागद जात होते. कोऱ्या कागदाची पाठही कोरीच. पण तिला पलीकडे आबांचं तोंड दिसत होतं, आणि त्या तोंडावर सगळं उमटत होतं. दोरी सैल पडली तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी एक हात जमिनीला टेकवला, उठायच्या तयारीत असल्यासारखा.

बेचाळीसशे माणसांना तिनं गोष्ट सांगितली होती. तोंड मात्र ती आज पहिल्यांदाच बघत होती.

"सोपाननं वाकून हाक मारली. बाळू... ए बाळू... आतून काही नाही. पुन्हा हाक मारली. बाळू त्याला काका म्हणायचा."

"हूं."

"आजूबाजूला कुणी नव्हतं. शिट्टी खुंटीवर होती, वीस पावलांवर. मी मोजली आहेत ती पावलं."

"हूं."

"त्यानं चपला काढल्या. झाकणाच्या कडेला ठेवल्या. नीट, जोडीनं. फोटोत दिसतात त्या."

आबांनी शेजारच्या तिच्या चपलांकडे बघितलं. त्यांचा श्वास जड झाला होता.

"हूं."

"त्यानं शिडीला हात घातला."

"...हूं."

"आणि तो उतरला."

पंखा इकडून तिकडे गेला. परत आला.

हुंकार आला नाही.

ऋजुता थांबली. आबांना ऐकू गेलं नसेल, असं तिला वाटलं.

"आबा, तो उतरला."

आबा तिच्याकडे बघत होते. ओठ घट्ट मिटलेले. हनुवटी थरथरत होती, पण ओठ मिटलेले.

तिच्या हातातला कागद जड होऊ लागला. कोऱ्या कागदाला वजन असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तिचे हात कापायला लागले. पान बदलता येत नव्हतं.

"आबा, द्या ना हुंकार. ते झालंय. तीन आठवडे झाले त्याला. सगळ्यांना ठाऊक आहे. तो उतरला. उतरलाच तो..."

ती रडत होती. कागद मात्र तिनं खाली ठेवला नाही, तसाच धरून ठेवला. आणि कागदाच्या वरून, पाण्यानं भरलेल्या डोळ्यांनी ती त्या म्हाताऱ्या तोंडाकडे बघत राहिली.

सावली काजूच्या बुंध्यापासून अंगणाच्या मध्यापर्यंत आली. खार निघून गेली.

आबांच्याही गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

"मी हुंकार देवचंय नाय," ते म्हणाले. "बघया... कसो उतरता तो."